विहिरींची वही: एका किशोर गटाच्या प्रकल्प नोंदी (जून २०२३ ते जून २०२४)

१८ जून २०२३, रविवार

शाळा गुरुवारी सुरू झाली, आज गटाची पहिली बैठक. पारनेर तालुक्यातलं पठारावरचं गाव. नाव लिहीत नाही, कारण या वहीत मुलं आहेत. २२ जण आले, वय १३ ते १७, त्यात मुली ९.

प्रकल्पाच्या कागदावर लिहिलंय, 'किशोरवयीन मुलांच्या सकारात्मक विकासासाठी गाव व प्रौढांची भागीदारी'. हे मुलांना वाचून दाखवलं तेव्हा एकाने विचारलं, "म्हणजे रॅली काढायची का?" त्याचं चुकलं नाही. आजवर आम्ही त्यांच्याकडून तेच करून घेतलं: वृक्षदिंडी, प्रभातफेरी, पथनाट्य. टोप्या घालायच्या, घोषणा द्यायच्या, बिस्किटाचा पुडा घेऊन घरी जायचं.

म्हणून आज काहीच सुचवलं नाही. गावात काय बदलावं ते चिठ्ठीवर लिहायला सांगितलं. मैदान १४ चिठ्ठ्यांवर, मोबाइलची रेंज ११ वर. एक चिठ्ठी मात्र लांबलचक होती. नववीतल्या एका मुलीने लिहिलं होतं की एप्रिल-मेमध्ये टँकर सकाळी येतो, हंडे लावायला तीच जाते आणि परीक्षेच्या तोंडावर पहिला तास बुडतो, तो गणिताचा असतो. चिठ्ठी मोठ्याने वाचली. बराच वेळ कुणी बोललं नाही, मग एक मुलगा म्हणाला, "मैदान राहू द्या. आधी पाणी बघू."

२ जुलै २०२३, रविवार

पाणी बघायचं म्हणजे मोजायचं, इथपर्यंत आलो. गावातल्या १२ विहिरी निवडल्या. वरच्या अंगाच्या ४, मधल्या ५, ओढ्याकाठच्या ३. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाचा ठिपका. दर वेळी माप तिथूनच घ्यायचं, नाहीतर एकाचा आकडा दुसऱ्याला जुळत नाही. कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासून पाणी किती खोल ते कळतं.

टेपच्या टोकाला नट-बोल्टचं वजन बांधलंय. पाण्याला लागलं की 'टप्प' असा आवाज येतो, पण वारा असला की ऐकू येत नाही. मग शेवटच्या मीटरभर टेपला खडू घासायचा. ओला होतो तिथवर खडू पुसला जातो. ही युक्ती मुलांना फार आवडली, खडूचा अर्धा डबा आजच संपला.

शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी, हा हिशेब फळ्यावर मांडला. गावाचं क्षेत्र ९०० हेक्टरच्या आसपास. एका मिलिमीटरला ९० लाख लिटर! "मग जातं कुठं?" असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. वर्षभराचा अभ्यासक्रम त्या एका प्रश्नात आहे.

९ जुलै २०२३, रविवार

आजची नोंद लिहायला नको वाटतंय.

४ नंबरची विहीर सार्वजनिक आहे, जुनी. पूर्वेकडून कठडा ढासळलाय. आठवीतला मुलगा टेप सोडताना वाकला आणि पायाखालची माती सुटली. शेजारच्या बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्याची कॉलर धरून मागे ओढला. मी वीस पावलांवर वहीत आकडे उतरवत होते.

बाबांनी आधी त्याला आणि मग मला जे काही ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. पण खरं होतं. "पोरांच्या हातात दोरी देती, आन् बघाया कोन?" विहिरीची पाहणी न करता मी मुलांना तिथे नेलं. चूक माझी, एकटीची. मुलाच्या घरी संध्याकाळी स्वतः जाऊन सांगितलं. मोजणी बंद.

१६ जुलै २०२३, रविवार

बाबा उमेदीच्या काळात विहिरी खोदायचे. परवा त्यांच्या ओट्यावर तासभर बसले. या १२ पैकी ५ विहिरींवर त्यांनी स्वतः पहार चालवली आहे. कुठे मांजऱ्या खडक लागला, कुठून झरा फुटला, सगळं तोंडपाठ. खोली मीटरमध्ये सांगत नाहीत, परसात सांगतात (परस म्हणजे माणसाच्या उंचीचं माप). "ती नऊ परस हाय, पन तिचं पानी सहाव्या परसाला लागलं."

त्यांना म्हटलं, तुम्ही मुलांबरोबर या. ते म्हणाले, "मी एकटा किती हिरींवर फिरू?" त्यावरूनच जोड्यांची कल्पना आली. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतून आली असती तर बरं दिसलं असतं, पण ती आली त्या सुटलेल्या मातीतून.

आज मोठ्यांची बैठक घेतली. ११ जण आले: बाबा, आशाताई, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका, पिठाच्या गिरणीवाल्या काकू, मोटारी भरून देणारा एक मिस्त्री, भजनी मंडळातले तिघं आणि तीन शेतकरी. नियम ठरले. मोठा माणूस सोबत असल्याशिवाय कुणी विहिरीजवळ जायचं नाही. आणि एकटं मूल व एकटा मोठा माणूस असंही जायचं नाही, दोन मुलं आणि एक मोठा. म्हणजे जोडी तिघांची झाली, तरी नाव जोडीच राहिलं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी असं का, ते सरळ शब्दांत सांगितलं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा काय म्हणतो तेही सांगितलं आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घालून घेतला. दोन काकांना राग आला. "आमच्यावर विश्वास नाही का?" आशाताईंनी परस्पर उत्तर दिलं, "माझ्यावर पण नाही. सगळ्यांना सारखंच."

मग एक खेळ घेतला. मूल सांगतंय, मोठ्याने फक्त प्रश्न विचारायचे, उत्तर वा सल्ला द्यायचा नाही, पाच मिनिटं. ड्रायव्हरकाका चाळीस सेकंदांत म्हणाले, "अरे बाळा, त्यापेक्षा असं कर..." सगळे हसले. बाबा मात्र पाचही मिनिटं टिकले. बहुधा ऐकायला कमी येतं म्हणून.

१५ ऑगस्ट २०२३, मंगळवार

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. गटातल्या दोघांनी पाण्याची माहिती मांडली. टाळ्या पडल्या. सरपंचताईंनी दोघांना वह्या दिल्या, गावच्या ग्रुपवर फोटो गेला. वरिष्ठांचा फोन आला, 'छान झालं'.

परत येताना तीच नववीतली म्हणाली, "ताई, आपण बोललो त्यावर कुणी काही विचारलं का?"

नाही विचारलं. विचारतील कसे? भाषण मी लिहून दिलं होतं. 'आम्ही उद्याचे नागरिक' हे वाक्यसुद्धा माझंच, तिने नुसतं पाठ केलं.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग म्हणतच नाहीत: मुलांना वापरून घेणं, मुलांना शोभेला उभं करणं, आणि नावापुरतं बोलू देणं. ही शिडी मी दर शिबिरात फळ्यावर काढते. आज दुसऱ्या पायरीवर मी होते, हातात माइक घेऊन.

२७ ऑगस्ट २०२३, रविवार

अख्खा ऑगस्ट कोरडा. पर्जन्यमापकात महिन्याचे मिळून ४ मिलिमीटर. बाजरी माना टाकतेय. अधिक श्रावण सरून निज श्रावण निम्म्यावर आला तरी श्रावणसर अशी नाहीच.

आज वहीत एक भानगड दिसली. पाऊस नाही, तरी ५ आणि ६ नंबरच्या विहिरींचं पाणी एका रविवारी ८.१० मीटरवर, पुढच्या रविवारी ९.२५ वर, त्याच्या पुढच्या रविवारी परत ८.३० वर. पाणी खाली जाणं समजू शकतं. वर कसं येईल? मला वाटलं पोरांनी घरी बसून आकडे भरले. तसं बोलूनही दाखवलं. त्या दोघांचे चेहरे पडले. एक जण म्हणाला, "मिस्त्रीकाका होते ना सोबत, त्यांना विचारा."

मिस्त्रीला विचारायच्या आत बाबांनीच सांगितलं. "लाईट कवा हुती ते लिवलं का?" शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की मोटारी पहाटेपर्यंत चालतात आणि आपण सातला जाऊन मोजतो तेव्हा विहीर उपसलेली असते. दिवसाची असली की रातभर झऱ्यांनी विहीर भरून निघालेली. आकडे खरे होते, अर्थ लावायला आम्ही कमी पडलो.

त्या दोघांची माफी मागितली, सगळ्यांसमोर. वहीत नवा रकाना आला: 'लाईट दिवसा / रात्री, मोटार बंद होऊन किती तास'. हा रकाना चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने सांगितला आणि तेरा वर्षांच्या मुलाने आखला. बाबांना लिहिता येत नाही, मुलाला लाईटचं वेळापत्रक ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

(त्याच मुलाने भिंतीला उभं करून बाबांची उंची मोजली, १.६८ मीटर. आता आमच्या वहीत १ परस म्हणजे १.६८. बाबांना याची भारी गंमत वाटते.)

१४ सप्टेंबर २०२३

पोळा. मोजणी नाही.

२४ सप्टेंबर २०२३, रविवार

गणपती बसलेत, मुलगे मंडळात अडकलेत, ते चालायचंच. पण या महिन्यात ९ मुलींपैकी ४ च येत होत्या आणि त्याचा गणपतीशी संबंध नाही. एका आठवड्यात पाच घरी जाऊन आले. तीन घरी एकच उत्तर, जवळजवळ शब्द तेच: "पोरगी शिवारात हिंडते, लोक बोलतात."

कोण लोक, ते कुणी सांगत नाही.

माझ्या डोक्यात सोपा उपाय आला. मुलींना गावठाणालगतच्या दोन विहिरी द्याव्यात. मुलींना विचारलं तर एकजात नकार. "मग पोरं म्हणतील यांना जवळच्या दिल्या." बरोबर आहे, तेच म्हटलं असतं. शेवटी मार्ग गिरणीवाल्या काकूंनी काढला. गिरणीत दळण घेऊन प्रत्येक घरची बाई येते. काकूंनी दळता दळता सांगायला सुरुवात केली, "तुझ्या पोरीनं परवा माझ्या विहिरीचं माप काढलं, हुशार आहे हो." दोन आठवड्यांत तिघी परत आल्या. त्या पाचजणींपैकी एकीचं लग्न ठरवायचं घरात चाललंय असं कानावर आलं. ती १६ वर्षांची आहे. आशाताई आणि अंगणवाडीताई घरी जाऊन बोलल्या. ग्रामसेवक भाऊंना त्याच संध्याकाळी कळवलं, गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. बोलणी थांबलीत. मुलगी अजून गटात आलेली नाही, पण शाळेत येते.

२ ऑक्टोबर २०२३

ग्रामसभा. कोरम भरला नाही, तहकूब.

२९ ऑक्टोबर २०२३, रविवार

हिवरेबाजारला जाऊन आलो. नगर जिल्ह्यात राहून मुलांनी ते पाहिलं नव्हतं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तिथपासूनची गोष्ट: चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअर नाही, दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद, आणि त्यावरून कुठलं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरणार. मुलांनी ताळेबंदाचा फलक वहीत उतरवून घेतला.

येताना जीपमध्ये सगळे गप्प. मला वाटलं भारावलेत. तसं नव्हतं, चिडले होते. "त्यांचं गाव ऐकतं. आपल्यात कोण ऐकणार?" आदर्श गावाच्या सहलीचा हा परिणाम प्रकल्पाच्या अहवालात कधी येत नाही. ड्रायव्हरकाका म्हणाले, "त्यांचंही पहिल्या दिवशी ऐकलं नसेल." हे त्यांनी सल्ला म्हणून नाही, खिडकीबाहेर बघत म्हटलं. म्हणून बहुतेक मुलांनी ऐकलं.

आणखी एक ठरलं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. आपणही त्या चार महिन्यांचे आकडे वेगळ्या पानावर ठेवायचे.

७ जानेवारी २०२४, रविवार

७ आणि ८ नंबरच्या विहिरी १५ दिवसांत २.४० मीटरने उतरल्या. बाकीच्यांची घट अर्ध्या मीटरच्या आत. लाईटचा रकाना तपासला, उपशानंतरचे तास तपासले, दोनदा मोजलं. आकडा तोच.

दोन्हींच्या मधोमध ९ नंबर. तिच्या मालकांनी डिसेंबरात विहिरीशेजारी बोअर घेतलं आहे. ते ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत.

गावासाठी आकडे मांडायच्या आमच्या फलकावर काय लिहायचं यावर मुलांची दीड तास खडाजंगी. काहींना मालकांची नावं लिहायची होती. बाबा म्हणाले, "नाव लिवलं की मानूस भांडतो, नंबर लिवला की इचार करतो." मुलांनी मतदान घेतलं, १३ विरुद्ध ६, नंबरच लिहायचे. मी मत दिलं नाही. (नंबर कुणाचे ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, हा भाग वेगळा.)

१४ जानेवारी २०२४, रविवार

नंबर लिहूनही भांडण झालंच. सदस्य काल संध्याकाळी फलकासमोर उभं राहून म्हणाले, "शाळकरी पोरं आता आम्हाला शिकवणार?" ९ नंबरची विहीर आमच्यासाठी बंद.

आज ८ नंबरच्या जोडीतला मुलगा आला नाही. त्याचे वडील त्याच सदस्यांच्या शेतावर सालाने आहेत. मला हे माहीत असायला हवं होतं. मुलाला विहीर वाटून देताना त्याच्या घरची चूल कुणाच्या शेतावर पेटते ते मी पाहिलंच नाही. किशोरविकासाचे अभ्यासक रिचर्ड लर्नर यांच्या मांडणीत मुलांमध्ये वाढायला हवेत असे पाच गुण आहेत: सक्षमता, आत्मविश्वास, जिव्हाळ्याची नाती, चारित्र्य, कणव. ते वाढले की सहावं येतं, योगदान. शिकवायला सुरेख आहे. पण योगदानाची किंमत बापाच्या सालात वळती होत असेल तर काय करायचं, ते माझ्या टिपणात नाही.

मुलाच्या वडिलांना भेटले. म्हणाले, "ताई, पोरगं चांगलं शिकतंय, पण मला तिथंच जायचंय उद्या." मुलाला विहिरीवरून काढून पर्जन्यमापक आणि आलेखाचं काम दिलं. शाळेच्या गच्चीवर कुणाची मालकी नाही. ८ नंबरला ड्रायव्हरकाकांनी स्वतःचा नातू आणला.

२६ जानेवारी २०२४, शुक्रवार

या वेळी मी काही लिहून दिलं नाही. तीन दिवस आधी मोठ्यांच्या गटानेच सरपंचताईंकडे जाऊन विषयपत्रिकेत विषय घालून घेतला: '१२ विहिरींची पाणीपातळी, चर्चा व निर्णय'. 'व निर्णय' हे दोन शब्द मुलांनी आग्रहाने घालायला लावले.

१८ वर्षांखालच्यांना ग्रामसभेत मत नाही, पण बोलायला कुणी अडवलं नाही. मुलं १२ मिनिटं बोलली. आलेख चादरीएवढ्या कापडावर रंगवलेला. दहावीतला मुलगा अडखळला, मधेच गप्प झाला. माझे ओठ हलायला लागले. गिरणीवाल्या काकूंनी माझं मनगट दाबून धरलं. अर्धा मिनिट गेलं असेल. मग तो म्हणाला, "थांबा, मी परत सांगतो," आणि नीट सांगितलं.

प्रश्न आले! खोचक आले, पण आले. "तुमचा टेप बरोबर कशावरून?" मुलांनी खडू लावलेला टेप दाखवला. "बोअरमुळंच कशावरून?" यावर नववीतली म्हणाली, "बोअरमुळंच असं आम्ही म्हणत नाही. बोअर आठ दिवस बंद ठेवून मोजू या, मग कळेल." सदस्य उठून गेले. ७ नंबरवाले दोघे भाऊ मात्र तावातावाने बोलायला लागले आणि बाबांनी त्यांना खाली बसवलं.

मुलांनी तीन गोष्टी मागितल्या. ४ नंबरच्या विहिरीला कठडा आणि जाळी: मंजूर. फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर: मंजूर. बोअर आठ दिवस बंद: 'पुढील सभेत विचार'. तीनपैकी दोन. कठड्याच्या पैशांवरून एका मुलाने विचारलं की ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात, ते यंदा कशावर खर्च झाले? ग्रामसेवक भाऊंनी रजिस्टर काढून दाखवलं. खुर्च्या घेतल्या होत्या.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

नववीतली आणि काकू ग्रामपंचायतीत जाऊन इतिवृत्त बघून आल्या. त्यात एकच ओळ होती: 'शाळेतील मुलांनी पाण्याविषयी माहिती दिली.' मागण्यांचा पत्ता नाही. मुलीने तिथेच सांगितलं, "आम्ही माहिती दिली नाही, मागणी केली. तीन मागण्या." ग्रामसेवक भाऊ भले गृहस्थ, म्हणाले चुकून राहिलं. सरपंचताईंसमोर दुरुस्ती झाली, तिन्ही मागण्या आणि त्यांवरचे निर्णय क्रमाने लिहिले, खाली सही.

हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं. मला विचारावंसं कुणाला वाटलं नाही, याचा थोडा राग आला. तो लगेच गेलाही नाही, खरं सांगायचं तर.

१७ मार्च २०२४, रविवार

दहावीची परीक्षा चालू, तिघं मोठे गळाले. कालपासून आचारसंहिता. कठड्याचं काम सुरू झालंय, विटा पडल्यात. आठवीतल्या दोघींनी मार्चची मोजणी पूर्ण केली. जानेवारीत मागे घेतलेला मुलगा रोज सकाळी गच्चीवर जातो. पर्जन्यमापक कोरडा, तरी वहीत ०.० लिहितो. त्याचं अक्षर फार सुंदर आहे.

१९ मे २०२४, रविवार

टँकर सुरू. या वर्षी पाण्याने काही चमत्कार केला नाही, करणारही नव्हता. १२ पैकी ५ विहिरी तळाला. फरक एवढाच की टँकर कधी लागेल याचा अंदाज गटाने मार्चमध्येच फलकावर लिहिला होता, 'मेचा पहिला आठवडा'. आला ६ मेला. आशाताईंनी तो आकडा घेऊन टँकरची वेळ संध्याकाळची मागितली आणि मिळाली. शाळेला सुट्टीच आहे, त्यामुळे गणिताचा तास वाचला असं म्हणता येत नाही. चिठ्ठीवालीला हे सांगितलं तर म्हणाली, "पुढच्या एप्रिलपासून वाचेल ना."

४ नंबरचा कठडा पूर्ण झाला. बाबांनी हात फिरवून पाहिला आणि सिमेंट कमी वापरलंय असा शेरा मारला.

९ जून २०२४, रविवार

काल रात्री मृगाचा पहिला पाऊस, पर्जन्यमापकात २३ मिलिमीटर. मी नगरला होते. सकाळी साडेआठला फोन आला, आता दहावीत गेलेल्या त्याच मुलीचा. मोजणी झाली होती, ११ विहिरींचे आकडे वाचून दाखवले. ९ चा रकाना जानेवारीपासून रिकामाच आहे.

"अगं, आणि एक गंमत," ती म्हणाली. "सदस्यांचा फोन आला होता काकूंना. सातच्या विहिरीला किती पाणी आलं विचारत होते."

"मग? सांगितलं?"

"सांगितलं. आणि नऊचं कधी मोजू देता ते विचारलं."